लाल दोऱ्याची नळी

"आधी रिकामी चालव."

एवढंच बोलून ते खिडकीकडे वळायचे. बोलताना समोरच्याकडे पाहायची त्यांना सवय नव्हती. डाव्या हाताच्या चिमटीत बहुधा दोऱ्याचा एखादा तुकडा असायचा आणि तो ते उगाच पिळत राहायचे. आमच्या फार्मसी कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात ज्यांनी दोन वर्षं काढली, त्यांना हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

रिकामी चालवायची म्हणजे काय, ते आधी सांगते. एखाद्या औषधाने काय होतं हे पाहायचं असेल, तर तोच प्रयोग, तेवढाच वेळ, औषधाच्या जागी नुसतं पाणी घालून एकदा करून पाहायचा. पाण्यानेही तेच झालं, तर औषधाने काही केलेलं नाही. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे आणि परीक्षेत आम्ही ते लिहीतही होतो. पण घाईच्या दिवसांत पहिली कात्री चालायची ती याच प्रयोगावर.

ते आमचे लॅब टेक्निशियन होते. सगळे त्यांना काका म्हणत. तुमच्याही कॉलेजात असा एक माणूस असणार. प्राध्यापक येतात आणि बदलून जातात, विद्यार्थी तर पाहुणेच. पण कोणत्या कपाटाचं दार उचलून लावावं लागतं, कोणता नळ दुपारी बंद होतो, हे एकाच माणसाला ठाऊक असतं.

मी उमरेडहून एसटीने येत असे. वडील कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचे, आई घरीच. आमच्या घरात पदवी पाहिलेली मी पहिली. एम. फार्म.ला प्रवेश मिळाला तेव्हा वडिलांनी माझं ओळखपत्र दोनदा उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. तेव्हा प्रयोगशाळेत पाऊल टाकताना मी किती जपून टाकलं असेल, याची कल्पना तुम्हाला येईल.

"कुठली वं तू?" काकांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"उमरेडची." मग मी नावही सांगितलं.

"नाव राह्यत नाही ध्यानात. उमरेड राह्यते."

त्या दिवसापासून मी उमरेड. वर्गात एक काटोल होता, एक भंडारा होती. एकाने तक्रार केली, "काका, मी तर नागपूरचाच आहे." काकांनी त्याला घर कुठे ते विचारलं आणि मान हलवली, "मंग तू इतवारी."

मी कॉलेजात शाळेतलं पुस्तकी मराठी बोलत असे. एकदा मी त्यांना म्हणाले, "काका, मला जरा परीक्षानळी देता का?" त्यांनी हातातलं काम थांबवलं. "घरी बी अशीच बोलते का वं? माय काय म्हणते मंग, बाई बोलून राहिली का बातम्या?"

काटोल तीन दिवस हसत होता.

त्यांचं घराणं विणकरांचं. पूर्व नागपुरात ज्या गल्ल्यांमधून पूर्वी दिवसभर हातमागांचा आवाज यायचा, तिथे त्यांचं घर. त्यांच्या लहानपणी घरात दोन माग होते. पुढे एक मोडला, मग दुसरा. वडिलांनी ओळखीने त्यांना कॉलेजात शिपाई म्हणून चिकटवलं. तिथून ते अटेंडंट झाले आणि मग टेक्निशियन. इंग्रजी त्यांना बाटल्यांवरच्या लेबलांपुरतं वाचता यायचं. पण हात मात्र मागावरून आलेले होते.

आमच्या कामात त्या हातांना फार किंमत होती. कोंबडीच्या आतड्याचा बोटभर तुकडा घ्यायचा, त्याच्या दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि कोमट क्षारपाण्याच्या काचेच्या उभ्या भांड्यात, म्हणजे बाथमध्ये, तो टांगायचा. या पाण्याला टायरोड म्हणतात. त्यात हवेचे बुडबुडे सोडत राहायचं. त्यासाठी आमच्याकडे माशांच्या टाकीला लावतात तो पंप होता. असा तुकडा कित्येक तास जिवंत राहतो. त्याचा वरचा दोरा एका हलक्या काडीला, लेव्हरला, जोडलेला असतो. तुकडा आकसला की लेव्हर उचलली जाते आणि फिरत्या ड्रमवरच्या काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटते. गाठ घट्ट झाली तर आतडं फाटतं, सैल राहिली तर निसटतं. आम्ही प्रत्येकाने पहिल्या महिन्यात डझनावारी तुकडे वाया घालवले. काकांची गाठ इतकी बारीक असे की ती शोधावी लागे.

"मागावर तागा तुटला तं जोडा लागते," ते सांगायचे. "गाठ फणीतून सरकली पाह्यजे. अटकली का पुढचं लुगडं खराब. हे तं सोपं हाय, याले फणी नाही."

सकाळी कॉलेजला येण्याआधी ते चौकातल्या चिकनच्या दुकानात थांबत. दुकानदाराने आधी त्यांना वेडं समजलं होतं. सगळं टाकून फक्त आतडं मागणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. पुढे तो लांबूनच ओरडायला लागला, "डॉक्टर साब का माल अलग रखो!" काका थर्मास उघडायचे, त्यात टायरोड असायचं, आणि कापल्यापासून किती वेळ झाला याची उलटतपासणी घ्यायचे. सावजी रस्सा त्यांच्या फार आवडीचा, पण मटणाचाच. कोंबडी त्यांनी नोकरी लागल्यावर सोडली.

"काहून काका?"

"सकाळी त्याले पंपाने श्वास देऊन जगवायचं, अन् संध्याकाळी रश्श्यात टाकायचं? आपल्याच्यानं नाही होत."

माझा विषय होता पोटाच्या मुरड्यावर गावाकडे वापरतात त्या एका झाडाचा पाला. त्याचा अर्क आतड्याचं आकसणं थांबवतो का, ते पाहायचं होतं. तुलनेसाठी लागणार होतं फोर-डॅम्प. हे रुग्णाला द्यायचं औषध नव्हे, केवळ प्रयोगशाळेत वापरायचं रसायन. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, तळाशी चिकटलेली चिमूटभर पांढरी भुकटी. बाहेरदेशातून मागवलेली, फ्रीजमध्ये कुलपात ठेवलेली. पुस्तकात लिहिलेलं होतं की शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो, तो मस्कॅरिनिक नावाच्या जागांवर येऊन बसला की आतडं आकसतं, आणि हे रसायन त्या जागा अडवतं. मी ते पाठ केलं होतं, पण समजलं काकांमुळेच.

"तू एसटीनं येते ना? खिडकीतून रुमाल टाकून सीट धरते का नाही?"

"धरते."

"मंग झालं. ही दवा म्हणजे रुमाल. पाशिंजर येते, रुमाल पायते, मुकाट्यानं परत जाते. ॲट्रोपिन, ते जुनी दवा, म्हणजे साऱ्या सीटवर रुमाल. हे तुहं डॅम्प जरा निवडून टाकते. लय गर्दी झाली तं रुमाल सरकवून बी बसतेत लोकं, ते येगळं."

पुढे मी स्वतः शिकवायला लागले आणि पहिल्याच वर्षी वर्गात हेच सांगितलं. मुलांना ते लगेच कळलं. हे कुणाचं म्हणून सांगितलं नाही, याची चुटपुट आहे. म्हणून आता इथे सांगते.

या रुमालवाल्या औषधांची एक खोड असते. ती चिकटतात. काचेला कमी, रबराला जास्त. बाथच्या तळाला रबरी नळी असते. तिच्यातूनच पाणी भरतं आणि तिच्यातूनच जातं. एकदा अशी दवा त्या नळीतून गेली की कितीही धुवा, ती थोडी थोडी सुटत राहते आणि पुढच्या माणसाचा प्रयोग बिघडवते. म्हणून काकांचा नियम होता: चार बाथपैकी तिसरा फक्त या औषधांसाठी. त्या बाथच्या गळ्याला आणि त्याच्या नळीला लाल सुती दोरा बांधलेला असे, घरून आणलेला, पक्क्या रंगाचा. तिसऱ्याची नळी दुसऱ्याला लागता कामा नये. इतक्या वर्षांत एकदाही लागली नव्हती. स्वतःबद्दल ते फारसं बोलत नसत, पण हे मात्र सांगत.

आता माझी गोष्ट.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होत असे. तराजूला हार, ड्रमला झेंडू, फ्रीजला हळदीकुंकू. शिपायाने पुडाभर नाडा, पूजेचा कच्चा दोरा, आणला होता आणि उत्साहाने दिसेल त्या वस्तूला बांधला होता: बाथला, नळ्यांना, पंपाला, अगदी काडेपेटीच्या स्टँडलासुद्धा. दसऱ्यानंतर आठवड्याभरात कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. पूजेनंतर आम्ही आवराआवर करत होतो, त्या दिवशी काका रजेवर होते. आमच्या मार्गदर्शक सरांनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, "हे सगळे धागेदोरे काढा बरं. प्रयोगशाळा आहे की देऊळ?"

मी कात्री घेतली. सांगितलेलं काम चोख करायचं, हे मला लहानपणापासून येतं. तिसऱ्या बाथच्या गळ्यावरचा लाल दोरा मी ठेवला. तो काकांचा आहे हे मला माहीत होतं. पण नळ्या काढून एका ट्रेमध्ये धुवायला टाकल्या होत्या आणि प्रत्येकीवर कुंकू लागलेला, भिजून लालसर झालेला नाडा होता. मी एकामागून एक कापत गेले. त्यातला एक दोरा चिवट होता, कात्री दोनदा चालवावी लागली. तेव्हा मी थबकले नाही. सगळ्या नळ्या स्वच्छ धुऊन, पुसून, एका ओळीत ठेवल्या. सरांनी शाबासकी दिली.

त्याच सुमारास भांडारातून काही नव्या नळ्या आल्या. काका रजेवरून परतले. तिसऱ्या बाथला लाल दोऱ्याची नळी नाही म्हटल्यावर ती जुनी झाली म्हणून कुणीतरी फेकली, असं त्यांनी धरलं. त्यांनी एक नवी नळी लावली आणि तिला लाल दोरा बांधला. खरी जुनी नळी ओळीत होती. ती माझ्या बाथला लागली.

माझे निकाल अप्रतिम आले.

ॲसिटिलकोलीन दिलं की आधी रेघ छान उंच जायची. मग मी पाल्याचा अर्क घालायची, थांबायची, धुवायची, पुन्हा द्यायची, की रेघ जेमतेम उचलायची. तिसऱ्या वेळी तर सपाट. सरांनी काजळीच्या पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. "अगं, हे तर डॅम्पच्या तोडीचं आहे." त्यांनी एका परिषदेला निबंधाचा गोषवारा पाठवला. बुटीबोरीच्या एका औषध कंपनीत माझी निवडही झाली होती. अट एवढीच की प्रबंध वेळेत सादर व्हावा. घरी आईने शेजारी सांगून टाकलं.

काका मात्र पट्टी पाहून म्हणाले, "रिकामी चालवली का?"

"चालवते काका."

दोन दिवसांनी पुन्हा. "चालवली?"

"या आठवड्यात करते. सरांनी लिहायला बसवलंय."

"पाला पेऊन गावातली पोट्टी दोन घंटे रडतच राह्यतेत," ते दोरा पिळत म्हणाले. "अन् तुह्या बाथमधी पाला डॅम्पवानी दाबून राहिला. मले तं पटत नाही."

मला राग आला. मी मनात म्हटलं, माणसाचं बरं झालेलं काहींना पाहवत नाही. हे मी आज लिहून ठेवते आहे, कारण तेव्हा मी हे खरोखर मनात म्हटलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर मी आले, तर माझा बाथ चालू होता. काकांनी स्वतः तुकडा टांगला होता. अर्काच्या जागी नुसतं पाणी घातलं होतं, बाकी सगळं माझ्याच वेळापत्रकाप्रमाणे. ड्रम हळूहळू फिरत होता. पहिली रेघ उंच. दुसरी अर्धी. तिसरी सपाट.

"तुह्या पाल्याशिवाय बी दबून राहिलं, उमरेड," ते म्हणाले. आवाजात कुठेही जिंकल्याचा भाव नव्हता.

मग त्यांनी खालची नळी काढली, दुसरी लावली, नवा तुकडा टांगला. तीन रेघा, तिन्ही सारख्या उंच. त्यांनी काढलेली नळी हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला. मी पाहत होते आणि मला तो चिवट दोरा आठवला. दोनदा चालवलेली कात्री आठवली. सगळं एका क्षणात जागेवर बसलं.

"ही तिसऱ्याची नळी हाय," ते हळू म्हणाले. "मंग मी लाल दोरा बांधला ते कोणती? माह्याच हातून झालं हे. जुनी कोणती, नवी कोणती, पायलंच नाही मी."

मी गप्प बसले.

सरांकडे पट्ट्या घेऊन आम्ही दोघं गेलो. निकाल खोटे आहेत, हे मी सांगितलं. तेवढं मी केलं. सरांनी डोकं धरलं. "कसं झालं हे?"

"नळी बदलली, सर," काका म्हणाले. "माह्याकडून."

सर वाईट नव्हते. ते काकांना म्हणाले, "काका, तुम्हीसुद्धा? असू द्या. वय झालं की होतं. आता निवृत्तीला किती राहिले? हे महिने तुम्ही फक्त सामान काढून देत जा. बाथचं त्या नव्या असिस्टंटकडे देऊ." माझ्याकडे वळून म्हणाले, "तंत्रज्ञाची चूक आहे, तुझी नाही. तसं लिहून मी तुला महिन्याची मुदत मिळवून देतो. पुन्हा प्रयोग कर, वेळेत होईल."

म्हणजे मी तोंड बंद ठेवलं, की माझी नोकरी वाचत होती. बोलले, तर निष्काळजीपणा माझा ठरणार आणि प्रबंध पुढच्या सत्रावर जाणार. त्या खोलीत हे मला जेवढं स्वच्छ दिसलं, तेवढं अभ्यासातलं काही कधी दिसलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस मी काकांना पाहत होते. ते वेळेवर यायचे, थर्मास टेबलावर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. मी तुकडा बांधायला बसले की जवळ यायचे, हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. "तूच बांध," म्हणायचे. काटोलने गमतीने विचारलं, "काका, संपावर काय?" ते हसले नाहीत. नवा असिस्टंट सगळ्या नळ्यांना लेबलं लावत होता. त्याने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीवर काका "तुमीच पाहा, साहेब" एवढंच म्हणत. एक दिवस ते सुट्टी घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर काय म्हणाले, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आठव्या दिवशी दुपारी मी खिडकीजवळच्या टेबलाशी डबा खात होते. ते आले आणि समोर उभे राहिले. दोन्ही हातांत एकेक दोरा होता.

"सांग बरं, उमरेड. हा लाल. अन् हा केसरी. बराबर हाय?"

"बरोबर आहे, काका."

त्यांनी हात पाठीमागे नेले, दोरे बदलले असावेत, पुन्हा पुढे आणले. "आता हा केसरी. हा लाल."

"बरोबर."

"डॉक्टर बी म्हणते डोये ठीक हायेत." त्यांनी दोरे टेबलावर ठेवले. "मंग नळी कशी चुकली वं माही?"

ते मला दोष देत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्यात नेमकं काय बिघडलं, ते शोधत ते गेले आठ दिवस स्वतःवरच प्रयोग करत होते.

"काका, तुमची नाही चुकली," मी म्हटलं. "दोरा मी कापला. पूजेचा नाडा समजून. तुम्ही रजेवर होते तेव्हा."

माझं पुस्तकी मराठी कुठे गेलं कोण जाणे. "मले त्याच दिवशी समजलं होतं," मी म्हटलं.

ते खाली बसले. पंपाचा आवाज येत होता. मग त्यांनी एकच विचारलं.

"त्याच दिवशी?"

"हो."

"दोरा कापला त्याचं काही नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "माणूस हाय, होते. मी बी मागावर लुगडी बिघडवली. पण आठ दिवस मी माह्या डोयाले शिव्या देऊन राहिलो. घरी बायकोले म्हणून राहिलो, आता माह्यात काही राह्यलं नाही. अन् तू माह्यासमोर बसून डबा खाऊन राहिली?"

मी डबा बंद केला.

मी उठून सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सर प्रथम रागावले, मग थकल्यासारखे दिसले. मुदतीचा अर्ज त्यांनी फाडला नाही, नुसता फाईलमधून काढून खणात ठेवला. "पुढच्या सत्राला सादर कर," म्हणाले. मग स्वतः प्रयोगशाळेत आले. त्यांनी असिस्टंटकडून बाथच्या कपाटाची किल्ली मागून घेतली आणि काकांपुढे धरली. काकांनी ती खिशात टाकली.

कंपनीने थांबायला नकार दिला. घरी मी खरं कारण सांगितलं. आई दोन दिवस शेजाऱ्यांना टाळत होती. वडील एवढंच म्हणाले, "त्या माणसाले सांगतलं ना? मंग बस."

काकांनी माझ्याशी बोलणं सोडलं नाही. हवं ते सामान मिळे, सकाळचा तुकडा ताजा असे. फक्त ते मला मॅडम म्हणू लागले. "घ्या मॅडम." "झालं का मॅडम?" भंडाराने विचारलं, "तुला एकदम बढती कशी मिळाली गं?" मी सांगितलं नाही.

सगळे प्रयोग मी पुन्हा केले. या वेळी प्रत्येक प्रयोगाआधी रिकामी चालवली. पाल्याचा परिणाम निघाला, पण अगदी जेमतेम. डॅम्पच्या शेजारी ठेवला तर हसू यावं असा. प्रबंधात मी तो तसाच लिहिला. परीक्षकांनी विचारलं, एवढ्या क्षीण परिणामावर एवढ्या पट्ट्या कशाला? मी म्हटलं, क्षीण आहे याची खात्री व्हायला. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. नंतर मला दुसरीकडे शिकवायची नोकरी मिळाली. तिथे पहिल्या वर्षाची मुलं आता हा प्रयोग संगणकावर करतात. बटण दाबलं की रेघ येते, आणि नळीला काही चिकटत नाही.

काकांचा शेवटचा दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी माझी शेवटची पट्टी बाकी होती. तीही रिकामीच, सर्वांत लांब, सकाळपासून संध्याकाळपर्यंतची. निरोपाचा कार्यक्रम चारला होता. खाली सभागृहात खुर्च्या लावण्याचे आवाज येत होते. सकाळी मी दोरा हातात घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. दोन्ही गाठी मारल्या, तुकडा बाथमध्ये सोडला, लेव्हर तोलून पाहिली आणि बाजूला होऊन दिवसभर कपाटं आवरत राहिले. मी दर काही मिनिटांनी ॲसिटिलकोलीन द्यायची, धुवायची, पुन्हा द्यायची. रेघ उंच जायची आणि खाली यायची. सकाळची, दुपारची, साडेतीनची, सगळ्या एका उंचीच्या.

चार वाजता शिपाई बोलवायला आला. मी ड्रम थांबवला आणि पंप बंद करायला हात नेला.

"राहू द्या," ते म्हणाले. "अजून जिवंत हाय ते."

त्यांनी वाकून कागदावरची पूर्ण ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, बाही खाली केली, बटण लावलं आणि शिपायामागून जिना उतरले. त्यांची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी मी तिथेच होते. थांबलेल्या ड्रमवर लेव्हर आपोआप हलकेच उचलली जात होती आणि खाली येत होती. काजळीत एकाच जागी तिने एक पांढरी उभी रेघ कोरली होती. दर वेळी ती थोडी जास्त पांढरी होत होती.